मैत्रीण गायब झाल्याशिवाय उन्हाळा सुरूच होत नाही

मावसबहिणीची दहावी संपली आणि दुसऱ्याच दिवशी तिचा मेसेज, ताई सुट्टीत वाचायला काहीतरी सांग ना, लव्हस्टोरी चालेल पण रडकी नको. आता हिला कोणी सांगितलं देव जाणे की मी तेहतिसाव्या वर्षी पण ही अमेरिकन टीनएजर्सची उन्हाळ्यातली पुस्तकं वाचते. लपूनछपून वाचते मी, किंडलवर, म्हणजे ऑफिसात डबा खाताना कव्हरवरचा समुद्र आणि आईस्क्रीम कोणाला दिसत नाही.

तर लिस्ट करायला बसले आणि लक्षात आलं की मला आवडलेल्या एकाही पुस्तकातला हिरो मला नीट आठवत नाहीये. मैत्रिणी मात्र सगळ्या आठवतायत.

'सिन्स यूव्ह बीन गॉन' घ्या. मॉर्गन मॅटसनचं, 2014 चं. एमिली बुजरी, कुणाच्यात फारशी न मिसळणारी, आणि तिची बेस्ट फ्रेंड स्लोन म्हणजे एकदम जिथे जाईल तिथे जान आणणारी. उन्हाळा सुरू होतो आणि स्लोन गायब. फोन नाही, मेसेज नाही, घर रिकामं. काही दिवसांनी पोस्टाने एक यादी येते, तेरा कामं. घोड्यावर बसायचं, काहीतरी चोरायचं, पहाटेपर्यंत नाचायचं, रात्री सफरचंदं तोडायला जायचं असली. एमिलीला वाटतं हे सगळं पूर्ण केलं की स्लोन सापडेल. मग ती एकेक करत जाते, आणि त्या नादात तिला फ्रँक भेटतो, पिझ्झा पोचवणारी डॉन भेटते, आणि पहिल्यांदाच तिचे स्वतःचे म्हणावेत असे लोक जमतात, स्लोनच्या ओळखीने आलेले नाहीत. स्लोन का गेली ते सांगत नाही, वाचा. पण ती तिथेच असती तर एमिली उन्हाळाभर तिच्या मागे मागे फिरली असती एवढं नक्की.

ही युक्ती नवीन नाहीये म्हणा. 2001 च्या 'द सिस्टरहुड ऑफ द ट्रॅव्हलिंग पँट्स'मध्ये अॅन ब्रॅशर्सने तेच केलंय. जन्मापासून एकत्र वाढलेल्या चार मुली, पहिल्यांदाच उन्हाळ्यात चार दिशांना जातात. लीना ग्रीसला आजी-आजोबांकडे, ब्रिजेट मेक्सिकोत फुटबॉल कॅम्पला, कार्मेन साउथ कॅरोलिनात वडिलांकडे आणि टिबी घरीच, दुकानात नोकरी करत. एक सेकंडहँड जीन्स चौघींना बसते आणि ती पोस्टाने फिरत राहते (धुवायची नाही असा नियम, शी). जीन्स जादूची वगैरे सगळे म्हणतात पण खरी गंमत ही की चौघींवर जे काय येतं ते एकटीवर येतं, बाकी तिघी फक्त पत्रात.

टिबीचंच बघा ना. ती दुकानात डिओडरंटचा मनोरा रचत असते आणि एक बारा वर्षांची पोरगी चक्कर येऊन त्यावर कोसळते. बेली तिचं नाव, तिला ल्युकेमिया आहे. टिबीला ती अज्जिबात नको असते, चिकटूच समजते तिला. नेहमीच्या तिघी गावात असत्या तर टिबीने त्या पोरीकडे ढुंकून पाहिलं नसतं. (हो, हे रडकं आहे. बहिणीला सांगितलं नाही.)

पण मला सगळ्यात लागलेला भाग कार्मेनचा. वडिलांबरोबर उन्हाळा घालवायला एवढ्या हौसेने गेलेली, आणि तिथे कळतं की ते दुसरं लग्न करतायत, बाई आणि तिची दोन मुलं घरात आधीच आहेत. शेवटी ती बाहेर अंधारात उभी राहून त्यांना जेवताना बघते आणि खिडकीवर दगड मारते. परत येऊन भांडते कुणाशी, तर टिबीशी! वडिलांना एक शब्द नाही. मग तिला उमगतं की टिबीवर चिडणं सोपं आहे कारण टिबी कुठे जाणार नाही, वडिलांची तेवढी खात्री नाही. हे वाचून मी पुस्तक खाली ठेवलं आणि आईला फोन केला, का ते विचारू नका.

'द समर आय टर्न्ड प्रिटी' तर आता सगळ्यांना माहितीच आहे, जेनी हानचं पुस्तक 2009 चं पण 2022 मध्ये सिरीज आली आणि 2025 च्या तिसऱ्या सीझनपर्यंत माझ्या ऑफिसातल्या पोरी कॉनरॅड की जेरेमाया यावरून भांडत होत्या. मला त्या दोघा भावांचं काही पडलेलं नाही. मला त्यातलं इंटरेस्टिंग काय वाटलं तर टेलर, शाळेतली मैत्रीण, एकदा त्या भावांच्या बीच हाऊसवर राहायला येते आणि बेलीला (ही यातली हिरॉइन, टिबीवाली बेली वेगळी) ती तिथे बघवत नाही. शाळेतली बेली वेगळी, समुद्रावरची वेगळी, आणि टेलर दोघींना ओळखणार म्हणजे पंचाईतच की!

हे वाचताना माझ्या पोटात गोळा आला कारण मी हेच केलंय. आमचं आजोळ कोकणात, दर मे महिन्यात जायचो, आणि शेजारच्या घरात माझ्याच वयाची एक होती. वर्षभर भेट नाही, फोन नाही, पण एसटीतून उतरल्या उतरल्या ती गडग्यावर बसलेली असायची, पदरात कैऱ्या नाहीतर करवंदं, हो पदरातच, आईची जुनी ओढणी गुंडाळायची. सातवीच्या सुट्टीत मुंबईचे मामेभाऊ आले होते, मोठे, इंग्लिश गाणी ऐकणारे. ती हाक मारत आली आणि मी त्यांच्यासमोर म्हटलं, ही ना, ही इथलीच आहे, कामाला येते. का म्हटलं असेन? ती काहीच बोलली नाही. करवंदं पडवीत ठेवली आणि गेली. पुढच्या मेला गडगा रिकामा.

'धिस वन समर' नावाचं ग्राफिक नॉव्हेल आहे, मारिको आणि जिलियन तमाकी या चुलतबहिणींचं, 2014 चं, सगळं निळ्या-जांभळ्या शाईत. त्यात रोझ आणि विंडी अशाच, फक्त उन्हाळ्यात भेटणाऱ्या. विंडी दीड वर्षाने लहान, अजून नाचते, वेडेचाळे करते, आणि रोझला दुकानातला मोठा मुलगा आवडायला लागलाय. त्याच्या बाजूने बोलताना ती बाकीच्या मुलींना वाईट शब्द वापरते आणि विंडीला ते खटकतं. लहान असून तिलाच कळतं. बाकी सगळ्या पुस्तकांत मी एमिलीच्या बाजूने होते, टिबीच्या बाजूने होते, इथे मात्र आरशात बघितल्यासारखं झालं, रोझच मी.

बहिणीला शेवटी एमिली-स्लोनवालं दिलं. चार दिवस काही नाही, मग काल रात्री साडेबाराला मेसेज, ताई साठ पानं झाली, तो फ्रँक नीट कधी येतो?