फक्त नरांची टाकी

गप्पी मासे फुकट मिळतात, हेच त्यांचं खरं दुखणं. आमच्या बेळगावच्या शहापुरात ज्यांच्या घरी काचेची टाकी आहे त्यांच्याकडं नुसतं बसायला गेलं तरी निघताना हातात प्लास्टिकची पिशवी येते, पाणी घालून गाठ मारलेली, आत चार-पाच मासे. "न्ह्या की वो, लई झाल्यात." घेणारीला वाटतं बरं झालं, पोरं खूश होतील. दोन-तीन महिन्यांनी तीच बाई तसलीच पिशवी घेऊन तिसरीच्या दारात उभी.

मी घरी शिवणकाम करते. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे युनिफॉर्म. मशीनच्या डाव्या बाजूला टाकी आहे, त्यामुळं माप द्यायला आलेल्या बायकांचं निम्मं लक्ष तिकडंच असतं. हात वर करा म्हटलं तरी मान टाकीकडं. मग विषय निघतोच, पिल्लं फार झाली, काय करू? सगळ्यांना तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलंय, म्हणून आता लिहूनच काढते.

आधी हिशेब समजून घ्या. गप्पीची मादी अंडी घालत नाही, जिवंत, पोहणारी पिल्लं देते. साधारण महिन्याला एक वेत. एका वेताला वीस-तीस पिल्लं सहज, मादी मोठी असली तर त्याहून जास्त. त्यातल्या माद्या दोन-तीन महिन्यांत स्वतः वीण्याजोग्या होतात. मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल ही सगळी त्याच कुळातली, त्यांचंही असंच. आणि कुणी सांगत नाही अशी एक गोष्ट म्हणजे मादी नराचं बीज पोटात साठवून ठेवते. एकदा नराचा संग झाला की पुढं कित्येक महिने नर नसतानाही ती वीत राहते. "नर मेला कधीच, तरी पिल्लं कशी?" असं डोळे मोठे करून विचारणाऱ्या बायकांना मी हेच सांगते. त्यातल्या एकीला माझं पटलं नाही, दुकानदारानं फसवलं म्हणाली.

आता जास्तीच्या पिल्लांचं काय करतात लोक? तलावात सोडतात. किल्ला तलाव आहे, कपिलेश्वराचा तलाव आहे, कुणाची मळ्यातली विहीर असते. सोडताना हात जोडणारेसुद्धा मी बघितलेत. मला विचाराल तर मनाला सगळ्यात स्वस्त पडणारा मार्ग हाच आहे, म्हणून तो इतका आवडतो. काचेत वाढलेली, दाणे वरून पडायची सवय असलेली पिल्लं पुष्कळशी तिथं मरतातच, फक्त आपल्याला दिसत नाहीत. आणि जी जगतात ती पुढं काय करतात हे तर कुणीच बघायला जात नाही. हा मासा दक्षिण अमेरिकेतला, त्रिनिदाद-व्हेनेझुएलाकडचा. त्रिनिदादहून रॉबर्ट गप्पी नावाच्या गृहस्थांनी 1866 च्या सुमारास लंडनच्या म्युझियमला नमुने पाठवले, त्यांचंच नाव त्याला चिकटलं. घाण पाण्यातही तगतो, थोडक्यात भागवतो आणि दुसऱ्या माशांची अंडी, बारकी पिल्लं खातो. इथल्या गटारात पडलेला गप्पी पावसाळ्यात कुठवर जाईल याचा अंदाज करा. बळ्ळारी नाला मार्कंडेयेला मिळतो, मार्कंडेय घटप्रभेला, घटप्रभा कृष्णेला. जुलैत आपल्याकडं पाऊस कसा लागतो ते सांगायला नको.

यावर ठरलेला प्रश्न येतो, मग आरोग्य खात्याची माणसं टाक्यांत गप्पी का सोडतात? खरं आहे, सोडतात. डासांच्या अळ्या खातात म्हणून हा मासा ब्रिटिशांच्या काळातच इकडं आणला. त्याचाच चुलतभाऊ गंबुसिया 1928 साली आला, त्याच कामासाठी. पण बंद सिमेंटच्या टाकीत खात्यानं मोजून सोडणं वेगळं आणि मी रविवारी सकाळी पिशवी घेऊन ओढ्यावर जाणं वेगळं. शिवाय अळ्या खाणारे मासे आपल्याकडं नव्हते असं थोडंच आहे. खानापूरच्या बाजूला माझं माहेर. तिथं ओढ्याच्या संथ पाण्यात अगदी वरच्या थराला एक बारका मासा तरंगत असतो, डोक्यावर टिकली लावल्यासारखा चमकता ठिपका. वरून बघितलं की आधी तो ठिपकाच दिसतो, मग मासा. टाकीचा नाद असलेले लोक त्याला पँचॅक्स म्हणतात. तोही अळ्याच खातो, आणि तो इथलाच आहे. त्याच्या ताटात मी परकी पंगत कशाला बसवू?

आमच्या शेजारी एक जैन अक्का आहेत. दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या, पाणी गाळून पिणाऱ्या. मासे मारण्याचं त्यांच्यासमोर काढायची सोय नाही. एकदा फॉल लावायला साडी घेऊन आल्या, माझं आणि दुसऱ्या बाईचं हेच बोलणं चाललेलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मारलं तरी पाप, सोडलं तरी पाप म्हंतीस. मग जल्माला कशाला घालतीस गं?" साडी ठेवली आणि गेल्या. मासे पाळणारे लोक मोबाइलवर एकमेकांशी तासन् तास वाद घालतात, त्या सगळ्यापेक्षा अक्कांचं एक वाक्य मला जास्त कामाला आलं.

तर उपाय म्हणजे नर-माद्या वेगळे करणं, आणि तेही वेळेत. तीन-चार आठवड्यांची पिल्लं झाली की मी त्यांना पेल्यात घेऊन उजेडाला धरते आणि सुईत दोरा ओवायला वापरते ते भिंग लावते. पोटाच्या मागच्या बाजूला, खालचा जो पर असतो, तो बघायचा. मादीचा पर त्रिकोणी, पंख्यासारखा पसरलेला राहतो. नराचा हळूहळू निमुळता होत काडीसारखा मागं वळतो. मादीच्या पोटाशी, त्या पराच्या वर, एक काळपट डाग दिसतो, तो लहानपणीच थोडा दिसायला लागतो. रंगावर जाऊ नका, रंग उशिरा येतो आणि तोवर काम झालेलं असतं. शंका आली तर त्याला माद्यांत नाही, नरांतही नाही, तिसऱ्या बरणीत ठेवायचं आणि आठवड्यानं परत बघायचं.

माझी आता फक्त नरांची टाकी आहे. रंग असतात ते नरांनाच, शेपट्या त्यांच्याच, त्यामुळं बघणाऱ्याचं काही बिघडत नाही. एकमेकांच्या मागं लागतात थोडं, पण दोन-तीनच न ठेवता घोळका ठेवला आणि झाडं दाट लावली की निभतं.

ज्यांच्याकडं आधीच दोन्ही आहेत त्यांनी निदान पिल्लं वाचवायचा हट्ट सोडावा. दुकानात ब्रीडिंग बॉक्स मिळतो, जाळीची पेटी, तो घेऊ नका. मोठे मासे स्वतःची पिल्लं खातात, टाकीत एखादी एंजल असली तर तीही खाते. क्षणात गिळलं जाणं हे त्या जातीच्या नशिबातच लिहिलेलं आहे, त्यात मला क्रौर्य दिसत नाही. पोरं जमवून, मोबाइल लावून ऑस्करसारख्या मोठ्या शिकारी माशासमोर वाटीभर पिल्लं ओतणं मात्र मला बघवत नाही. आणि थंडीत हिटर जपून वापरा. पाणी गरम तेवढी वेतं लवकर. बेळगावचं डिसेंबरचं पाणी फार गार पडतं हे खरं, पण म्हणून अठ्ठावीस अंशांवर नेऊन ठेवायची गरज नाही, बावीस-तेवीसला गप्पी मजेत राहतो.

एवढं करूनही कधी मारायची वेळ येते. अंग फुगून खवले उभे राहिलेला, खाणं सोडलेला, तळाला पडून धापा टाकणारा मासा तसाच ठेवणं ही दया नव्हे. त्यासाठी मी लवंगेचं तेल वापरते, दाढ दुखली की लावतो तेच, पण शुद्ध हवं. वेगळ्या भांड्यात टाकीचंच लिटरभर पाणी घेऊन मासा त्यात घालायचा. छोट्या बाटलीत कोमट पाणी आणि तेलाचे दहा-बारा थेंब घालून दुधट होईपर्यंत जोरात हलवायचं, नाहीतर तेल वर तरंगत राहतं. आधी त्यातलं थोडंच ओतायचं. मासा हळूहळू कलतो, गुंगी येते. मग उरलेलं सगळं. कल्ल्यांची हालचाल थांबली म्हणजे संपलं असं समजू नका, त्यानंतर अर्धा तास तसंच ठेवा. नंतर कढीपत्त्याच्या कुंडीत पुरायचं. ते भांडं परत कशालाच वापरायचं नाही.

संडासात ओतून पाणी सोडणं, फ्रीजरमध्ये ठेवणं, फसफसणारं अ‍ॅसिडिटीचं चूर्ण पाण्यात टाकणं, यातलं काहीच लवकर मारत नाही. आपल्याला बघावं लागत नाही एवढाच त्यांचा फायदा.

आणि नुसता पाठीत वाकडा आहे म्हणून मारू नका. माझ्याकडं असा एक आहे, पोहताना कमरेतून झुलतो, दाण्याला सगळ्यांत पुढं असतो.

द्यायचे झाले तर मी नरच देते, आणि देताना आधी विचारते, टाकी केवढी, फिल्टर आहे का. वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून मागितले तर सरळ नाही म्हणते, बरणीतच ठेवलेले मासे फार दिवस जगत नाहीत. परवा एक बाई "जोडी द्या, एकटा काय शोभत नाही" म्हणून अडून बसल्या. दिली नाही, तर रुसून गेल्या, पुढच्या गल्लीत मिळेल म्हणाल्या. मिळेलच. पिकोला टाकलेली त्यांची साडी अजून माझ्याकडंच आहे, न्यायला येतील तेव्हा आणखी एकदा वाद होणार.