चाकातली घूं घूं

दूधसागरला जाणाऱ्या जीपा ओढ्यांतून जातात. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, सीलमधून पाणी शिरलं की आतल्या बेअरिंगच्या ग्रीसचा पांढरट चिखल होतो. आमच्या जुन्या महिंद्राचं पुढचं डावं चाक कुळ्यापासून फोंड्यापर्यंत घूं घूं करायचं. उजवीकडे वळताना आवाज वाढे, कारण भार डाव्या चाकावर येतो. सगळे म्हणे टायर, टायर! टायर वळणावर असा सूर बदलत नाही.

जॅक लावला, चाक वर-खाली धरून हलवलं. खडखड. भाच्याला म्हटलं, "ब्रेक दाब रे." ढिलेपणा गेला, म्हणजे बेअरिंगच. राहिला असता तर किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळतं ती खीळ, बघावी लागली असती.

हब उतरवला तर रोलर निळसर पडलेले, कपात, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यात, नखाला लागतील असे खड्डे. जुना कप ठेवून नुसता नवा कोन, म्हणजे रोलरसकट आतलं कडं, बसवणारे मेकॅनिक आहेत. माझ्या मते ते पैसे पाण्यात. पितळी पंचाने चहूबाजूंनी थोडं थोडं ठोकत कप काढला. सीलही नवं.

ग्रीस तळहातावर घेऊन रोलरमधून पलीकडे येईपर्यंत दाबायचं. चाक फिरवत नट आवळायचा, मग जरा मागे घ्यायचा, नट फिरू नये म्हणून वॉशर वाकवायचा. एक फेरी मारून हबला हात लावा. चटका बसला तर नट जास्त आवळलाय.