ओरखडा की तडा?

रोज रात्री खिशातली चिल्लर टेबलावर ओतायची, दिवा तिरका करायचा आणि १० पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली एकेक नाणं फिरवायचं. हा उद्योग सुरू करून दोन महिने झाले. पहिल्याच आठवड्यात मला ११ ‘एरर कॉइन’, म्हणजे टाकसाळीतच दोष राहिलेली नाणी, सापडली होती. आज त्यातलं एकही शिल्लक नाही.

बहुतेकांनी टाकसाळीबाहेर मार खाल्ला होता. हे माझ्या डोक्यात शिरलं ते नाण्यावर छाप ठोकणाऱ्या साच्याचा विचार करायला लागल्यावर. साच्यात सगळं उलटं असतं. नाण्यावर जे उंच, ते साच्यात खोल. साच्याला तडा गेला की ठोका पडताना धातू त्या फटीत शिरतो आणि नाण्यावर बारीक रेघ वर उठते. ओरखड्याची रेघ आत गेलेली असते. तिरक्या उजेडात सावली कुठल्या बाजूला पडते तेवढं बघायचं. ९ नाणी तिथेच बाद.

उरलेल्या दोघांवर अक्षरं दुहेरी दिसत होती. आता मी श्रीमंत, असं वाटलं! अमेरिकेचं १९५५ सालचं एक सेंटचं नाणं याच दोषामुळे गाजलं. त्याच्या साच्यावरच छाप किंचित फिरून दोनदा उमटली होती. तशा नाण्यावर दोन्ही अक्षरं फुगीर असतात, टोकं दुभंगलेली असतात. माझ्या नाण्यांवर होती चपटी पायरी. ठोका पडता पडता सैल साचा जरा सरकला की अशी पायरी होते. तिला फारसं कुणी विचारत नाही.

कडेला चंद्रकोरीच्या आकाराचा तुकडा नसलेलं नाणं अजून मिळालेलं नाही. धातूच्या पट्टीतून नाण्यांच्या कोऱ्या चकत्या कापताना पंच आधीच्या भोकावर चढला की तसं होतं. अशा नाण्यात तुकड्याच्या बरोबर समोरची कडही बहुधा फिकी, दबकी असते. कानशीने खोटा दोष पाडत बसलेल्या लबाडाला ते सुचत नाही. मला मात्र खरं-खोटं ओळखायची ही युक्ती फार आवडली.

परवा एक सापडलं. कडेपासून निघून थेट आकड्याच्या पोटात शिरलेली रेघ, आणि सावली बरोबर उंचवट्याची. असे तडे सर्रास आढळतात, किंमत फारशी येत नाही. तरी ते न घासता, न धुता वेगळ्या डबीत ठेवलंय.

बायको म्हणाली, “ओरखडा आहे.”

मी भिंग तिच्या हातात दिलं आणि दिवा तिरका केला.