पताकेची काठी, पोळे आणि कुंभारीण

आषाढीला गोव्यात म्हापशाहून साखळीच्या विठ्ठलापूरला चालत जायचे म्हणजे साधारण 25 किलोमीटर. पहाटे 4 ला निघाले की भजन म्हणत, थांबत-थांबत दुपारी 12 च्या सुमारास वाळवंटी नदीचा काठ लागतो. ना मुक्काम, ना रिंगण, एका दिवसाची वारी. पाऊस मात्र पुरेपूर. पाऊस आला की माणूस आडोसा शोधतो, आणि तोच कोरडा आडोसा गांधीलमाशीने आधीच धरलेला असतो.

अस्नोड्याच्या अलीकडे मोठी सर आली, दिंडी बसथांब्याच्या शेडमध्ये शिरली. पताकांच्या काठ्या उभ्याच होत्या. एका काठीचे टोक छताच्या कोपऱ्याला घासले, तिथे तळहाताएवढे करडे पोळे लोंबत होते. टाळ धरलेल्या माझ्या डाव्या हाताच्या मधल्या बोटावर डंख बसला, अंगठीच्या जरा वर.

हे पोळे मेणाचे नसते. लाकडाचा भुसा चावून लाळेत मळून केलेला तो कागद असतो. सगळे पोळे एका बारीक देठावर टांगलेले. मुंग्या वरून उतरू नयेत म्हणून माश्या त्या देठाला एक स्राव फासत राहतात. छतावर माणूस चालला तरी एरवी त्यांना फारसे काही वाटत नाही. देठ हलला की मात्र त्या उठतात. काठीने नेमके तेच केले होते. म्हणून शेडमध्ये शिरताना पताका आडव्या आणि टोक मागे, हा नियम आम्ही त्या दिवसापासून धरला. छत्रीचेही तसेच: आत शिरण्याआधी मिटायची, आत जाऊन नाही.

दुसरी जागा डोक्यावरची तुळस. मंजिरी फुललेली असली की मधमाश्या आणि गांधीलमाश्या दोन्ही तिच्यावर येतात. वृंदावन उचलण्याआधी फुललेल्या मंजिऱ्या खुडून टाकल्या की निम्मा त्रास जातो. उपवासाची केळी आणि फणसाचे गरे उघडे ठेवू नयेत. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत आधी पाहावे, मगच तोंडाला लावावी. घशात डंख बसला तर बाहेरून काही दिसत नाही आणि आतून सूज येऊन श्वास अडतो. अशा माणसाला चालत ठेवायचे नाही, तडक दवाखाना.

डंख बसला की हात झटकणे, टाळाने हाणणे, हे हातून होतेच. पण चिरडलेल्या माशीच्या विषाचा वास बाकीच्यांना उठवतो. मोठ्या पट्टेरी जातींत तर हमखास. डोळे आणि तोंड झाकून, न धावता पण न रेंगाळता, 20-30 पावले लांब जायचे. पाऊस पडत असला तरी उघड्यावर.

मग पाहायचे काटा राहिलाय का. मधमाशीच्या नांगीला उलटे दाते असतात, ती कातडीत अडकते आणि विषाची पिशवी मागे राहून आत पंप करत राहते. ती नखाने लगेच खरवडून काढायची, चिमटा शोधत बसायचे नाही. गांधीलमाशीची नांगी गुळगुळीत. काही राहत नाही, आणि तीच माशी पुन्हा चावते. बोटावर काळा ठिपका दिसला तर उगाच उकरू नये.

त्यानंतरचे पहिले काम अंगठी. पाच मिनिटांत बोट फुगते आणि मग साबणानेही अंगठी निघत नाही, कापावी लागते. बांगड्या, जोडवी, मनगटातला घट्ट दोरा, सगळे तेव्हाच काढायचे. साबण-पाण्याने धुऊन कापडात गुंडाळलेला बर्फ 10 मिनिटे, थोडा वेळ सोडून पुन्हा 10 मिनिटे. रस्त्यावरच्या मासेवाल्याकडेही बर्फ मिळतो. एकादशीला जरा विचित्र वाटेल, पण डंखाला सोवळे नसते. हात छातीच्या वर धरायचा. खाज-सूज असेल तर मोठ्या माणसाला सेटिरिझिनची 10 मिलिग्रॅमची एक गोळी, ठणका फार असेल तर पॅरासिटामॉल.

दिंडीत लगेच कोणीतरी चुन्याची डबी काढतो. विष कातडीच्या खाली गेलेले असते, वरचा चुना तिथे पोचत नाही. भिजलेल्या कातडीला तो पोळतो मात्र. मधमाशीचे विष आम्ल म्हणून सोडा आणि गांधीलमाशीचे अल्क म्हणून व्हिनेगर, हा हिशेबही कागदावरच बरा.

सूज पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दिसते. मनगटापर्यंत चढली म्हणून घाबरू नये. घाबरायचे ते याला: अंगभर गांधी उठणे, ओठ-जीभ सुजणे, आवाज बसणे, धाप, उलटी, चक्कर. एकादशीला चक्कर आली की सगळे उपवासावर ढकलतात. डंखानंतर अर्ध्या-एक तासात चक्कर आणि सोबत गांधी किंवा धाप असेल तर तो उपवास नव्हे. 108 ला फोन, माणूस आडवा, पाय वर. धाप असेल तर टेकून बसवायचे. उठवून चालवायचे नाही. इंजेक्शन ॲड्रेनलिनचे लागते, मांडीत बाहेरच्या बाजूला, आणि गोळीने त्याची जागा भरत नाही. बरे वाटले तरी काही तास तिथेच थांबायचे, कारण काहींना दुसरी लाट येते. डिचोली आणि साखळी, दोन्हीकडे सरकारी आरोग्य केंद्र आहे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची नावे सांगायची. त्यांतल्या काहींमुळे ॲड्रेनलिनचा गुण कमी येतो. खूप डंख बसले आणि लघवी काळपट झाली तर मूत्रपिंडाकडे लक्ष.

मला यातले काहीच झाले नाही. फक्त ठणका. मुळगावच्या केळबाय देवीच्या गावातून पुढे जाताना टाळ वाजवला की बोटात कळ, आणि कळ नेमकी नामावर. एरवी 'विठ्ठल विठ्ठल' म्हणताना मन गुडघ्यात, चपलेत, कदंबच्या बसच्या वेळेत असते. त्या वाटेत ते एकदाही बोटाबाहेर गेले नाही, आणि बोट नामाबाहेर गेले नाही.

कीर्तनात कीटभृंगीचा दृष्टांत येतो. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताचे 24 गुरू आहेत, त्यांतला शेवटचा हाच. नाथमहाराजांची टीकाही त्याच स्कंधावर. भिंतीत कोंडलेली अळी भीतीने भृंगीचाच ध्यास घेते आणि भृंगी होते. ही भृंगी म्हणजे आपली कुंभारीण, गांधीलमाशीच्याच जातकुळीतली. ती चिखलाचे गाडगे करते, आत छताला बारीक धाग्याने एक अंडे टांगते, मग डंखाने बधिर केलेल्या अळ्या भरते आणि तोंड लिंपते. अळी भृंगी होत नाही. अंड्यातून निघालेले पिल्लू तिला खाते. अळी मेलेली नसते, म्हणून नासत नाही. काही आठवड्यांनी गाडग्याला भोक पडून कुंभारीणच बाहेर येते, त्यावरून जुन्यांनी बांधलेला अंदाज तो. कीटकशास्त्राने दृष्टांत मोडतो असे मला वाटत नाही. अळीचे हलणे एका डंखाने थांबते, तेवढा भाग खरा आहे, आणि मुळगाव ते साखळी मला तेवढाच पुरला.

विठ्ठलापूरच्या पायऱ्यांशी पोचलो तेव्हा बोट केळ्यासारखे झाले होते. दर्शनाच्या रांगेत हात वर धरून उभा होतो, तर मागच्या माउलींना वाटले नाचतोय. त्यांनीही वर केले.