जिम बघायची तर संध्याकाळी सातला जा

कुठलीही जिम बघायला दुपारी तीनला जाऊ नका राव. दुपारी तीनला सगळ्याच जिम भारी वाटतात, एसी गार, मशीन मोकळ्या, आणि रिसेप्शनवरचा पोरगा निवांत फिरून सगळं दाखवतो. तुम्ही ऑफिस सुटल्यावर सातला येणार ना, मग सातलाच जाऊन बघा रॅकपाशी किती जण नंबर लावून उभे आहेत आणि बेंचवर टॉवेल टाकून कोण रील बघत बसलंय.

पण त्याच्याही आधी, जिम कशासाठी लावायची ते ठरलेलं पाहिजे. आमच्याकडे कुणीही जिम लावायची म्हटलं की पहिला प्रश्न फी किती, दुसरा स्टीम आहे का. आणि कशासाठी विचारलं की उत्तर ठरलेलं, "फिट व्हायचंय." फिट म्हणजे नक्की काय? पोट कमी करायचंय, ताकद वाढवायचीय, की भरतीची तयारी करायचीय? पोलीस भरतीवाल्या पोरांची तर मला कमाल वाटते, वर्षाची फी भरून बायसेप्स मारत बसतात आणि मैदानीत असतं काय तर १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक (मुलींना १६०० च्या जागी ८००). त्यासाठी सकाळचं ग्राउंड पाहिजे आणि धावण्याचं शिकवणारा कुणीतरी पाहिजे, जिम आठवड्यातून दोनदा पायांना आणि खांद्यांना पुरे.

ताकद हाच उद्देश असेल तर मात्र एसी, आरसे, लाइटिंग सगळं विसरा आणि लोखंड बघा. स्क्वॉट रॅक, म्हणजे बार खांद्यावर घेऊन बैठका मारायचा स्टँड, आहे का? स्मिथ मशीन दाखवून "हाच रॅक" म्हणणारे भरपूर भेटतात, पण तिथे बार रुळावर ठरलेल्या रेषेतच वर-खाली होतो, तोल तुम्हाला सांभाळावाच लागत नाही, त्यामुळे तो रॅक नव्हे. बार २० किलोचा पूर्ण लांबीचा आहे का ते विचारा. आणि सव्वा किलोच्या प्लेटा शोधा, हे कुणीच बघत नाही! त्या नसल्या तर सगळ्यात छोटी उडी दोन्ही बाजूंना अडीच-अडीच, म्हणजे ५ किलोची, आणि ओव्हरहेड प्रेसला (बार खांद्यापासून डोक्यावर ढकलायचा) एकदम ५ किलो वाढवणं नवख्या माणसाला, त्यातून बायकांना, फार जड जातं, मग वजन आहे तिथेच अडकतं आणि वाटतं आपल्याच्याने होत नाही. डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून उभं राहणं) चालते का तेही आधीच विचारून घ्या. दुकानांच्या वर दुसऱ्या मजल्यावर जिम असेल तर खालचा मेडिकलवाला ओरडतो म्हणून बार खाली टेकवायलाही बंदी असू शकते.

बायकांबद्दल एक सांगते, कारण हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता हसू येतं. आत पाऊल टाकलं की ट्रेनर थेट ट्रेडमिलकडे हात करतो, मग अर्धा तास सायकल, मग गुलाबी डंबेल. ट्रायलच्या दिवशीच सरळ म्हणायचं, मला स्क्वॉट शिकवा. शिकवताना तो काय चुकतंय ते बघतो की आरशात स्वतःला बघतो यावरून जिम कळते. लेडीज बॅच असेल तर तिची वेळ कुठली ते बघा, बऱ्याचदा ती दुपारची असते, नोकरी करणारीला तिचा उपयोग शून्य.

वजन कमी करायचं असेल तर माझं मत थोडं वेगळंय. वजनाचं बरंचसं काम ताटात होतं, त्यामुळे इथे भारी जिमपेक्षा जवळची जिम घ्या, पावसात पण जाल अशी. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते. पहिला भाग महापालिकेच्या बागेतल्या ट्रॅकवर भराभर चालून फुकटात होतो. तिथल्या ओपन जिमच्या मशीन सांधे मोकळे करायला बऱ्या, पण त्यातल्या बऱ्याचशांवर वजन वाढवायची सोयच नसते म्हणून दुसरा भाग त्यावर फार दिवस भागत नाही. आई-बाबांच्या वयाच्या माणसांना, गुडघे कुरकुरत असतील तर, मोठ्या चेनपेक्षा गल्लीतली छोटी जिम बरी, जिथे ट्रेनरला तुमचं नाव आणि तुमचा गुडघा दोन्ही माहीत असतात.

क्रॉसफिटसारखे ग्रुप क्लास महाग असतात पण ज्यांना एकट्याने कंटाळा येतो त्यांना खरंच खेचून नेतात. फक्त एका कोचमागे किती जण आहेत ते मोजा, वीस जणांत तुमची वाकलेली पाठ त्याला दिसणार नाही.

आणि तालीम! कोल्हापूरला गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी, पुण्यात पेठांमधून अजून आहेत. १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणणारे खाशाबा जाधव असल्याच तांबड्या मातीतून गेले. पोराला कुस्तीची आवड असेल, पहाटे उठायची तयारी असेल तर जोर-बैठका, मुदगल आणि वस्तादाचं लक्ष, एवढं त्याला कुठल्याच मशीनवर मिळणार नाही. मल्लखांब तर मुलींनाही जरूर लावा, मनगटं, पोट, खांदे सगळं त्यात येतं. पण रात्री नऊला ऑफिसमधून सुटणाऱ्याने हौसेनं तालीम लावू नये, तिथली शिस्त पहाटेची असते.

फीचं म्हणाल तर "आज भरलं तर तीन महिने फ्री" ऐकलं की उठून यायचं, ती ऑफर पुढच्या आठवड्यातही असते. आधी एक महिना भरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झालाय, तेव्हा सांगितलेला आकडा टॅक्स धरून आहे का आणि जुनाच टक्का लावलाय का तेही बघा. आणि फ्रीझ, म्हणजे मेंबरशिप मध्येच थांबवायची सोय, किती दिवसांचं मिळतं ते पावतीवर लिहून घ्या, तोंडी सांगितलेलं गणपतीत कुणाच्या लक्षात राहत नाही.