झटका मशीन आणि एएम रेडिओ

मागच्या आठवड्यात गावी गेलो होतो, आर्वीकडे. पाहतो तर आबा रेडिओ कानाला लावून शेताच्या धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं फिरतायत, मधेच वाकून गवत उपटतायत. म्हटलं झालं काय यांना! तर रानडुकरं आणि रोही (नीलगायी) पिकात शिरू नयेत म्हणून शेताला झटका मशीन बसवलंय, कुंपणाच्या तारेत करंटचे झटके सोडणारं, त्याच्या ताराला ओलं गवत टेकलं की करंट तिथंच जमिनीत उतरतो, बारीक ठिणगी पडते आणि रेडिओच्या एएमवर (आकाशवाणीचा जुना मिडियम वेव्ह पट्टा) टक टक जोरात वाजतं. "आवाज वाढला का समजाचं, इथंच लीक हाय." आणि यासाठी काटा मुद्दाम दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी ठेवायचा बरं का, म्हणजे गाणी-बातम्या मधे येत नाहीत.

लहानपणी याच रेडिओवर नागपूर आकाशवाणीच्या ५८५ किलोहर्ट्झच्या खुणेला आईची लाल नेलपॉलिश लावलेली होती, काटा हलवला की शिव्या. एएमची लहर जमिनीला धरून लांब जाते म्हणून नागपूर आमच्याकडं दिवसाढवळ्या लागायचं, आणि रात्री जागलीला मचाणावर आकाशातून उसळी मारून कुठकुठली परराज्यातली स्टेशनं यायची, आबांना त्यातली भाषा कळायची नाही तरी ऐकायचे.

लोक म्हणतात एएमचे कार्यक्रम जुनाट झाले म्हणून कोणी ऐकत नाही. मला नाही पटत. ऐकायला घरात सेट तर पाहिजे ना! मोबाईलमध्ये एफएम असलं तर असतं, एएम नाहीच. आणि एएममध्ये लहरीच्या कमीजास्त जोरातच आवाज भरलेला असतो, त्यामुळे एलईडी बल्ब, चार्जर, मोटारीचा स्टार्टर यांची घरघर पण आवाज म्हणूनच आत घुसते. स्टेशनवाल्यानं कितीही जीव ओतला तरी तो आमच्या बल्बशी कसा लढणार?

आपल्याकडं प्रायव्हेटला फक्त एफएम, एएम म्हणजे आकाशवाणीच. अमेरिकेत मात्र छोटी प्रायव्हेट एएम स्टेशनं पण आहेत, आणि त्यांचं दुखणं आणखी वेगळं, रात्री लहर लांब जाऊन दुसऱ्याच्या स्टेशनवर चढते म्हणून कित्येकांना दिवस मावळला की पॉवर कमी करावी लागते, काहींना तर बंदच. म्हणजे लोक कामावरून घरी आले की यांचं दुकान बंद! वरून काही कंपन्यांनी इलेक्ट्रिक गाड्यांतून एएम काढून टाकलं, मोटारीची खरखर येते म्हणून.

आबांना आकाशवाणीचं ॲप टाकून दिलं होतं. शेतात नेटवर्कच नाही, विषय संपला.

तर त्या दिवशी धुरा पूर्ण झाला, आबा मचाणाखाली बसले, तंबाखू मळली, काटा सरकवला. एक जुनं गाणं लागलं, आणि मधे मधे तेच टक... टक.

"आबा, मशीन बंद करू का थोडा वेळ?"

"काहून? डुक्कर येतीन ना."