इशापूरची थ्री नॉट थ्री आणि वाया गेलेले सात आठवडे

सात आठवडे माझी रायफल एका गनस्मिथच्या मागच्या खोलीत चिठ्ठी बांधून पडून होती, आणि तिच्यात काहीही बिघाड नव्हता. आठवलं की अजून डोकं तापतं. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगतो: जुनी लष्करी रायफल घेणार असाल तर तिच्या गेजचे (माप तपासायच्या चकत्यांचे) आकडे स्वतः पाठ करा. थ्री नॉट थ्रीचे, म्हणजे .303 बोअरच्या जुन्या ब्रिटिश ली-एनफिल्ड रायफलीचे, लक्षात ठेवायचे दोनच आहेत, 64 आणि 74. ते कशाचे, ते पुढे सांगतो.

मी ओहायोत राहतो. साताऱ्याला कॉलेजात एनसीसी केली. परेडला खांद्यावर थ्री नॉट थ्री असायची, फायरिंगला मात्र पॉइंट टू टू. त्यामुळे ही रायफल उन्हात वागवली खूप, झाडली एकदाही नाही. भारतात ती प्रोहिबिटेड बोअर, साध्या लायसन्सवर मिळत नाही. तिकडे शेतकऱ्याकडे किंवा बँकेच्या वॉचमनकडे 315 बोअर दिसते ती त्यामुळेच. गेल्या वर्षी इथल्या एका गन शोमध्ये टेबलावर एक पडलेली दिसली. दस्त्याच्या मानेवरच्या लोखंडी पट्ट्यावर मुकुट, खाली जीआरआय, त्याखाली इशापूर, 1943, आणि नंबर 1 मार्क 3 पुढे एक चांदणी. बंगालातल्या कारखान्यात घडलेली रायफल ओहायोत माझ्यासमोर आली होती. फॉर्म 4473 (बंदूक खरेदीचा इथला सरकारी फॉर्म) भरला, तपासणी झाली, त्याच दुपारी घरी आणली.

पैसे देण्याआधी टेबलापाशीच चार गोष्टी बघितल्या होत्या. बोल्टच्या (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा सरकता भाग) दांड्यामागचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर एकच हवा. दस्त्यावर किंवा बॉडीवर डीपी ही अक्षरं नकोत. डीपी म्हणजे ड्रिल पर्पज, फक्त कवायतीची. कित्येकदा अशा रायफलीच्या चेंबरला (नळीत काडतूस बसतं त्या जागेला) आरपार भोक पाडलेलं असतं आणि वर ग्रीस चोपडलं की ते दिसत नाही, बोट फिरवूनच बघायचं. आम्ही एनसीसीत वागवल्या त्यातल्या किती डीपी होत्या कोण जाणे. तोंडाशी नळीच्या कडेला खाच नको. आणि पुढच्या लाकडाला मागच्या टोकाला, चापाच्या वर, तडा नको. इशापूरच्या रायफलीत पुढच्या लाकडातून एक आडवा स्क्रू घातलेला असतो. तो कारखान्याचाच, त्याला घाबरू नका.

ग्रीस काढायला दोन रविवार गेले. मिनरल स्पिरिट, जुना दात घासायचा ब्रश, आणि वर्तमानपत्रं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. बोल्ट काढायचा तर मागे ओढायचा, बोल्ट हेड (बोल्टचं पुढचं सुटं टोक) वर उचकटून कडेच्या खोबणीतून सोडवायचं आणि सरळ बाहेर. तीस वर्षांनी हाताला ते आपोआप आठवलं, तेव्हा गॅरेजमध्ये एकटाच होतो, तरी फार बरं वाटलं.

मग हेडस्पेस. काडतुसाच्या बुडाला जी कड असते, ती नळीच्या मागच्या तोंडाला टेकते. ती टेकल्यावर मागे बोल्टच्या तोंडापर्यंत किती जागा उरते, ते हे माप. जागा जास्त असेल तर बार उडताना पितळी पुंगळी मागे ताणली जाते, बुडाच्या थोडी वर पातळ होते आणि एखादे दिवशी तिथेच तुटते. तापलेला गॅस मग नेमबाजाच्या तोंडाकडे येतो. ऐंशी वर्षांची रायफल हे न तपासता झाडायचीच नाही, याबद्दल माझं दुमत नाही. म्हणूनच तर स्वतः होऊन गनस्मिथकडे नेली.

त्याने चार दिवसांत फोन केला. फेल. बोल्ट नो-गो गेजवर बंद होतो (त्यावर तो बंद व्हायला नको), शिवाय झाडलेली पुंगळी दाखवली तर खांद्याशी, म्हणजे ती निमुळती होते तिथे, फुगलेली. (नमुन्यादाखल एक बार त्याने दोरी बांधून लांबून उडवला होता.) म्हणाला, जास्त लांबीचं बोल्ट हेड घालावं लागेल, मागवतो. मी बरं म्हटलं. मला तेव्हा काय माहीत!

दुसरा आठवडा, तिसरा आठवडा. फोन केला की पार्ट वाटेत आहे. चौथ्या आठवड्यात पार्ट आला पण बसत नाही, दुसरा मागवलाय. पाचव्यात तो उचलायचाच नाही. सहाव्या शनिवारी मी स्वतः दुकानात जाऊन उभा राहिलो. काउंटरवर एक छोटी पिशवी होती, आत बोल्ट हेड, आणि त्यावर ठसठशीत 3 चा आकडा. तो आकडा बघूनच माझ्या पोटात गोळा आला. आकडे घातलेली बोल्ट हेड, 0 ते 3, ही नंबर 4 रायफलीची, म्हणजे ली-एनफिल्डच्या नंतरच्या मॉडेलची. माझी नंबर 1. दोघींचे आटेच वेगळे. नंबर 1 ची बोल्ट हेड आकड्यांनी येत नाहीत, एक लावून बघायचं, नाही जमलं तर दुसरं. म्हणजे सहा आठवडे हा माणूस चुकीच्या रायफलीचा पार्ट मागवत होता, आणि तो का बसत नाही याचं त्याला कोडं पडलं होतं. मी हे सांगितल्यावर त्याने पिशवी उलटसुलट केली आणि पार्टचे पैसे तरी द्यावेच लागतील म्हणाला. मी दिले. त्या क्षणी मला फक्त माझी रायफल हवी होती. तीही मिळाली सातव्या आठवड्यात, कारण बोल्ट सुटा करून ठेवलेला आणि एक्स्ट्रॅक्टरचा (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या भागाचा) स्क्रू सापडत नव्हता.

आमच्या नेमबाजी क्लबात एक गृहस्थ येतात, ऐंशीच्या पुढचे, आयुष्यभर ली-एनफिल्ड दुरुस्त केलेल्या. त्यांच्यापुढे रायफल ठेवली. त्यांनी काहीही न बोलता बोल्ट काढला, एक्स्ट्रॅक्टर काढून बाजूला ठेवला, बोल्टचं तोंड आणि चेंबरची कड काडीला कापूस गुंडाळून पुसली. कापसावर अजून ग्रीस निघालं. मग डबीतून दोन चकत्या काढल्या. पहिली .064 इंचाची. बोल्टचा दांडा एका बोटाने दाबला, पूर्ण खाली बसला. दुसरी .074 ची. दांडा अर्ध्यावर थांबला. पुन्हा बोट, पुन्हा तिथेच. लष्करी मापाने रायफल पास. एवढंच काम, दहा मिनिटांचं.

नो-गो ही मधल्या मापाची चकती. ती नव्या बनवलेल्या किंवा नवी नळी बसवलेल्या रायफलीसाठी. वापरलेल्या लष्करी रायफलीला ती लावून फेल ठरवणं म्हणजे दहावीच्या मुलाला बारावीचा पेपर देणं. आणि खांद्याशी फुगलेली पुंगळी? लढाईत चिखलमातीतही काडतूस अडकू नये म्हणून चेंबर पुढच्या बाजूला मुद्दाम ऐसपैस कापलेले असत. थ्री नॉट थ्रीची पुंगळी तिथे फुगतेच. काळजी करायची ती बुडाच्या वर चकचकीत रेघ दिसली तर. टाचणीएवढी बारीक तार टोकाला वाकवून पुंगळीच्या आतून फिरवा. खाच लागली तर तो धोका. माझ्या पहिल्या वीस पुंगळ्या मी एकेक अशी तपासली, सगळ्या गुळगुळीत.

हे गेज फार महाग नसतात. आधीच घेतले असते तर सात आठवडे वाचले असते. आणि दुकानदाराला रायफल द्यायच्या आधी एकच प्रश्न विचारा: गेज कुठले लावणार? उत्तरात 74 आलं नाही तर रायफल परत गाडीत ठेवा.

आता एक गोष्ट, जी खरं तर वर सांगायला हवी होती. दस्ता काढायचा असेल तर आधी पुढचं लाकूड उतरवा. दस्त्यातून जाणाऱ्या लांब बोल्टचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडाच्या मागच्या पट्टीत अडकलेलं असतं. लाकूड जागेवर असताना तो बोल्ट फिरवला की लाकूड मागून फाटतं. वर तडा म्हणालो तो बऱ्याच वेळा असाच पडलेला असतो. मी स्क्रूड्रायव्हर घालायच्या बेतात होतो, त्या आजोबांनीच हात धरला.

लाकडाला जवसाचं तेल, तळव्याने चोळून, थोडं थोडं. आमच्याकडे सोलापूरच्या मावशीची जवसाची चटणी असते, त्याच वासाने गॅरेज भरलं. पण तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेटतात. पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून टाका.

झाडल्यानंतरची सफाई काडतुसावर अवलंबून आहे. जुन्या लष्करी काडतुसाच्या कॅपमधून नळीत मीठ राहतं, ते हवेतला ओलावा ओढतं आणि रात्रीत गंज धरतो. तेलाने मीठ विरघळत नाही. उकळतं पाणी चेंबरकडून नरसाळ्याने ओतायचं, नळी गरम झाली की स्वतःच कोरडी होते. मग पुलथ्रू, म्हणजे चिंदी बांधून नळीतून ओढायची दोरी. उस्ताद जे शिकवायचे तेच: कोरड्या सफाईला चिंदी चार बाय दोन इंच, तेलाला चार बाय दीड. चिंदी मोठी झाली तर दोरीसकट नळीत अडकते, हे मी एनसीसीत एकदा करून बसलो होतो आणि सबंध दुपार मैदानाला चकरा मारल्या होत्या. माझ्या रायफलीच्या दस्त्याच्या बुडाशी पितळी झाकण आहे. ते उघडल्यावर आत जुना पुलथ्रू आणि तेलाची पितळी कुप्पी दोन्ही निघाली, कुप्पीत तेल वाळून डिंकासारखं झालेलं.

त्याच गन शोमध्ये सुटी पाच काडतुसंही घेतली होती, बुडावर केएफ. म्हणजे खडकी. ती झाडणार नाही. इतक्या जुन्या काडतुसाचा बार उशिरा उडू शकतो. चाप ओढल्यावर नुसता टक झाला तर नळी समोरच धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं, घाईने बोल्ट उघडायचा नाही. रेंजवर मी बाजारातली नवी, मीठ न सोडणारी काडतुसंच वापरतो.

घरी बोल्ट वेगळ्या कुलपात असतो, रायफल वेगळ्या. 3 आकड्याचं ते बोल्ट हेड मी त्या आजोबांना देऊन टाकलं. त्यांच्या एका नंबर 4 ला तेच हवं होतं.